दोन ग्रोजिस्क, एकच साल : पोलंडमधल्या छोट्या शहराच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा जुळवावा

पोलंडच्या फुटबॉलमध्ये ग्रोजिस्क नावाची दोन शहरं भेटतात. एक वॉर्साच्या पश्चिमेचं ग्रोजिस्क माझोव्येत्स्की, तिथला क्लब पोगोन्य. दुसरं पोझनानच्या नैर्ऋत्येला साधारण ४५ किलोमीटरवरचं ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की, तिथला क्लब दिस्कोबोलिया. दोन्ही क्लब आपलं स्थापनेचं साल १९२२ सांगतात. जुन्या वर्तमानपत्रांत जागा वाचवायला नुसतं ‘ग्रोजिस्क’ छापलेलं असतं, आणि संगणकावर शोध घेतला की दोघांच्या बातम्या एकाच ढिगात पडतात. अशा ढिगातून एकाच क्लबचा शंभर वर्षांचा धागा काढायचा तर सुरुवात कुठून करायची, कोणते कागद मागायचे आणि कुठे हमखास फसायला होतं, ते इथे मांडलं आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी दिस्कोबोलियाचं आहे. चौदा हजारांच्या आसपास वस्तीच्या या शहराच्या क्लबने २००३ मध्ये युएफा कपातून आधी हेर्था बर्लिनला आणि मग मँचेस्टर सिटीला घरी पाठवलं, आणि पाचच वर्षांनी त्याची लीगमधली जागाच दुसऱ्या शहरात गेली. पोलिश छोट्या क्लबच्या कुंडलीत जे जे योग असू शकतात, त्यांतले बरेच इथे आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. क्लबच्या नावाचा पाठलाग करायचा नाही. मैदानाचा, लीगमधल्या जागेचा आणि पदाधिकाऱ्यांचा करायचा. पोलंडमध्ये नाव ही क्लबची सर्वांत अस्थिर वस्तू आहे. राजवट बदलली, कारखाना बदलला, प्रायोजक बदलला की पाटी बदलते. मैदान मात्र सहसा तिथेच राहतं.

आधी नकाशा

फुटबॉलला हात घालण्याआधी शहर १९१८ पूर्वी कोणाकडे होतं ते बघा. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचं स्वतंत्र राज्य नव्हतं. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियाने ते वाटून घेतलं होतं. या वाटणीवरून तुमच्या कागदांची भाषा ठरते. पोझनान, पोमेरेनिया, वरचा सायलेशिया इथे कागद जर्मन, छापील मजकूर गॉथिक वळणाचा आणि हस्ताक्षर त्याहून वाईट. वॉर्सा, वूच, लुब्लिन या पट्ट्यात सरकारी नोंदी रशियन, आणि तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या. विसाव्या शतकात हा फरक १३ दिवसांचा आहे. एकच सामना दोन तारखांना झालेला दिसला तर आधी १३ दिवस मिळवून बघा. ऑस्ट्रियाकडच्या, क्राकूफ आणि ल्वूफच्या गॅलिशियात पोलिश भाषेला मोकळीक होती, संस्था स्थापन करणंही सोपं होतं, म्हणून पोलंडचे सर्वांत जुने क्लब तिथले. ल्वूफचे चार्नी आणि लेह्या १९०३ चे, पोगोन्य १९०४ चा, क्राकूफचे क्राकोव्हिया आणि विस्वा १९०६ चे.

ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की प्रशियाकडे होतं आणि जर्मन कागदांत ते ‘ग्रेत्स’ म्हणून सापडतं. शहराची सगळी जुनी नावं शोधाआधीच लिहून ठेवा. त्याबरोबर तालुक्याचाही इतिहास काढा. ग्रोजिस्कचा स्वतःचा तालुका, म्हणजे पोव्यात, १९३२ मध्ये मोडून शेजारच्या नोव्ही तोमिश्लला जोडला गेला आणि १९९९ मध्ये पुन्हा उभा राहिला. याचा अर्थ १९३२ नंतरचे तालुका कचेरीचे कागद ग्रोजिस्कच्या नावाखाली शोधलेत तर हाती शून्य येणार; ते नोव्ही तोमिश्लच्या दप्तरात असणार. १९७५ मध्ये तर देशभरातले सगळे तालुके रद्द होऊन ४९ छोटे प्रांत झाले, आणि १९९९ मध्ये १६ मोठे प्रांत आणि तालुके परत आले. फुटबॉलच्या जिल्हा संघटना बऱ्याच अंशी याच सीमा पाळत, म्हणून १९७५–७६ मध्ये क्लबचे प्रतिस्पर्धी एकदम बदललेले दिसले तर त्यात क्लबचं कर्तृत्व शोधू नका. नकाशा बदलला आहे.

स्थापनेचं साल : तीन तारखा, तीन कागद

क्लबच्या चिन्हावर कोरलेलं साल हा पुरावा नव्हे, तो दावा आहे. खरं बघायचं तर तीन वेगळ्या तारखा असतात: स्थापनेची सभा, घटनेची सरकारदरबारी नोंदणी, आणि फुटबॉल संघटनेत प्रवेश. या तिन्हींत काही महिन्यांचं, कधी वर्षांचंही अंतर पडतं. राष्ट्रीय संघटना पेझेतपेएन डिसेंबर १९१९ मध्ये स्थापन झाली, म्हणून त्याआधीचा प्रवेश असूच शकत नाही.

नोंदणी कुठे शोधायची हेही प्रदेशावर ठरतं. जुन्या प्रशियन भागात स्वातंत्र्यानंतरही जर्मन दिवाणी कायदा चालू राहिला, त्यामुळे तिथल्या संस्थांची नोंद स्थानिक न्यायालयाच्या रजिस्टरमध्ये होई. ऑक्टोबर १९३२ च्या संस्था कायद्याने देशभर एकच पद्धत आणली आणि नोंदणी प्रशासनाकडे गेली. तेव्हा १९२२ च्या दिस्कोबोलियासाठी न्यायालयाचं दप्तर, आणि १९३३ नंतर बदललेल्या घटनेसाठी प्रांत कचेरीचं. दोन्ही आज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पोझनान शाखेकडे मागायचे.

साल मागे ओढण्याची खोड सगळीकडे आहे. सर्वांत प्रचलित युक्ती ‘सोकूव’ची. सोकूव ही १८६७ मध्ये ल्वूफला सुरू झालेली व्यायाम चळवळ. आपल्याकडच्या तालमीसारख्या तिच्या शाखा गावोगाव होत्या आणि अनेक ठिकाणी फुटबॉल खेळणारी पोरं तिथूनच बाहेर पडली. पण सोकूवची शाखा १८९३ ची असली म्हणून क्लब १८९३ चा होत नाही. त्या शाखेत फुटबॉलचा विभाग होता आणि तोच पुढे वेगळा झाला, असं दाखवणारा कागद हवा. तो नसेल तर दोन सालं वेगवेगळी लिहा.

दिस्कोबोलिया या नावातच प्राचीन ग्रीक थाळीफेक आहे. अशा नावाच्या क्लबमध्ये ॲथलेटिक्स, मुष्टियुद्ध, हँडबॉल असे अनेक विभाग असू शकतात. पोलिश क्लब म्हणजे विभागांची मोट. फुटबॉल हा त्यातला एक ‘सेक्त्सिया’. क्लबची स्थापना आणि फुटबॉल विभागाची स्थापना एकच धरून चालू नका.

वर्तमानपत्रं : खरं काम इथेच

लहान क्लबचं दप्तर बहुधा उरलेलं नसतं. दुसऱ्या महायुद्धात गेलं, नाहीतर कारखाना बंद पडताना रद्दीत गेलं. म्हणून कणा उभा राहतो तो वर्तमानपत्रांवर. पोलंडच्या डिजिटल ग्रंथालयांत जुने अंक फुकट वाचता येतात: राष्ट्रीय ग्रंथालयाचं पोलोना, प्रांतोप्रांतीची डिजिटल ग्रंथालयं, आणि या सगळ्यांत एकदम शोध घेणारा ग्रंथालय महासंघाचा शोधक. ग्रोजिस्कसाठी व्येल्कोपोल्स्का डिजिटल ग्रंथालय आणि त्यातले पोझनानचे दैनिक अंक, मुख्यतः ‘कुरियेर पोझनान्स्की’. युद्धानंतरसाठी १९४५ पासूनचं ‘ग्वोस व्येल्कोपोल्स्की’. राष्ट्रीय पातळीवर ‘प्शेग्लोंद स्पोर्तोव्ही’, जे मे १९२१ मध्ये क्राकूफला सुरू झालं. छोट्या क्लबला राष्ट्रीय पत्रात एखादी ओळच मिळते, म्हणून आधी प्रादेशिक पत्रं संपवा.

सामने रविवारी होत, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा अंक पुरतो. हंगामाचे सुमारे ३५ आठवडे धरले तर १९२२ ते १९३९ या अठरा वर्षांचे ६३० अंक होतात. एका अंकाला दहा मिनिटं म्हटली तरी १०५ तास. हे आधीच माहीत असलेलं बरं; निम्म्यात कंटाळून ‘नमुन्यादाखल’ बघायला लागलात की नेमका बढतीचा हंगाम निसटतो. वेळ नसेल तर काळ लहान घ्या, पण घेतलेला काळ सलग वाचा.

शब्दशोधावर विसंबणाऱ्यांची फसगत दोन कारणांनी होते. पहिलं, पोलिशमध्ये नामांना विभक्ती लागते. आपल्याकडे पुणे, पुण्यात, पुण्याचा होतं, तसं ग्रोजिस्क, ग्रोजिस्का, ग्रोजिस्कु, ग्रोजिस्क्येम. दिस्कोबोलियाचं दिस्कोबोलीई, दिस्कोबोल्येंव, दिस्कोबोल्योंव. शिवाय बातमीदार कंटाळा टाळायला शहरवासीयांचं नाव वापरतो, ‘ग्रोजिश्चान्ये’. म्हणून पूर्ण शब्द न टाकता मूळ टाका आणि पुढे तारांकन द्या. दुसरं कारण, यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं बदलतात. आडव्या रेघेचं एल साधं एल किंवा टी होतं, शेपटीची अक्षरं शेपटी गमावतात. एक शोध पोलिश चिन्हांसह आणि एक त्यांच्याविना, असे दोन्ही घ्या. तरीही यंत्राला न दिसलेल्या नोंदी राहतातच, म्हणून वरचे १०५ तास टळत नाहीत.

नोंदी तक्त्यात ठेवा, वहीत नको. रकाने असे: सामन्याची तारीख, अंकाची तारीख, प्रतिस्पर्धी, ठिकाण, निकाल, मध्यंतराचा निकाल, स्पर्धा, पत्राचं नाव आणि पान, आणि शेवटी खात्रीची श्रेणी. दोन स्वतंत्र पत्रांत सारखा निकाल असेल तर १, एकातच असेल तर २, नंतरच्या स्मरणिकेतून आला असेल तर ३. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि वर्षभराने कोणता आकडा कुठला ते त्यांनाच आठवत नाही. चित्राच्या फाईलला नावही साल-महिना-दिवस-पत्र-पान असं द्या, म्हणजे आपोआप क्रम लागतो.

लीगच्या नावांचा गोंधळ

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा. राष्ट्रीय लीग १९२७ मध्ये सुरू झाली. त्याआधी जिल्ह्याचा ‘अ वर्ग’ हाच वरचा स्तर होता आणि त्याचे विजेते देशाच्या अजिंक्यपदासाठी खेळत. १९२७ नंतर अ वर्ग लगेच दुसऱ्या पातळीवर आला. आज तोच ‘क्लासा आ’ सातव्या-आठव्या पातळीवर आहे. तेव्हा ‘१९२५ मध्ये क्लब अ वर्गात होता’ या वाक्याचा अर्थ आजच्या डोळ्यांनी लावला तर क्लबवर घोर अन्याय होतो, आणि ‘१९९५ मध्ये अ वर्गात’ याचा अर्थ तेव्हाच्या डोळ्यांनी लावला तर नको तेवढा गौरव.

दुसरा खड्डा २००८ चा. आज वरून उतरत गेलं तर एक्स्त्राक्लासा, मग पहिली लीग, दुसरी, तिसरी, चौथी. त्याखाली काही प्रांतांत पाचवी लीग, मग जिल्हा वर्ग, अ वर्ग, ब वर्ग. म्हणजे ‘पहिली लीग’ ही दुसरी पातळी. ही रचना २००८–०९ पासूनची. त्याआधी अनेक दशकं ‘पहिली लीग’ हीच सर्वोच्च होती. २००५ मध्ये वरच्या पातळीला एक्स्त्राक्लासा म्हणायला लागले, पण खालच्यांची नावं तीन वर्षं तशीच राहिली. दिस्कोबोलिया १९९७ मध्ये दुसऱ्या लीगमधून पहिल्या लीगमध्ये गेला, याचा अर्थ तो देशाच्या अव्वल लीगमध्ये पोचला. या एका ओळीचा चुकीचा अनुवाद झाला तर क्लबचा सर्वांत मोठा क्षणच हरवतो. उपाय सोपा आहे: तक्त्यात लीगच्या नावाशेजारी ‘पातळी’ असा वेगळा रकाना करा आणि त्यात फक्त आकडा लिहा.

हंगामाचंही तसंच. राष्ट्रीय लीग १९६२ पर्यंत वसंत ते शरद अशी एकाच वर्षात खेळली जाई. १९६२ चा हंगाम आखूड, फक्त वसंतातला. आणि १९६२–६३ पासून शरद ते वसंत. खालच्या वर्गांत जिल्ह्याजिल्ह्याची रीत वेगळी असे, म्हणून प्रत्येक हंगामाची पहिली आणि शेवटची तारीख बघूनच त्याला नाव द्या.

तक्ता खरा की खोटा : पाच मिनिटांची बेरीज

अंतिम गुणतक्ता मिळाला की छापण्याआधी तीन बेरजा करा. सगळ्या संघांनी केलेल्या गोलांची बेरीज आणि खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी आली पाहिजे. विजयांची बेरीज पराभवांइतकी आली पाहिजे. आणि गुणांची बेरीज पद्धतीप्रमाणे जुळली पाहिजे. विजयाला २ गुण असताना एकूण गुण सामन्यांच्या बरोबर दुप्पट येतात: १२ संघ दुहेरी फेरीत १३२ सामने खेळतात, म्हणजे २६४ गुण, १४ संघांचे १८२ सामने, ३६४ गुण, १६ संघांचे २४० सामने, ४८० गुण. १९८६–८७ ते १९८९–९० या चार हंगामांत वरच्या लीगमध्ये किमान तीन गोलांच्या फरकाने जिंकलं तर ३ गुण आणि तसं हरलं तर उणे १ अशी गंमत होती. तिथेही तीन वजा एक दोनच, म्हणून दुपटीचा नियम टिकतो. काही संघांचे गुण विजयांच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून छपाईची चूक समजून ते ‘दुरुस्त’ करू नका. १९९५–९६ पासून विजयाला ३ गुण; मग एकूण गुण म्हणजे निकाली सामन्यांची तिप्पट अधिक बरोबरीच्या सामन्यांची दुप्पट.

बेरीज चुकली तर पहिला संशय ‘वाल्कोव्हेर’वर घ्या. संघ आला नाही, अपात्र खेळाडू खेळवला, प्रेक्षक मैदानात घुसले, की सामना ३:० असा बहाल होतो. मैदानावर १:४ लागलेला निकाल तक्त्यात ३:० असतो. सोमवारचं वर्तमानपत्र पहिला आकडा छापतं, दोन-तीन आठवड्यांनी संघटनेच्या पत्रकात दुसरा येतो. दोन्ही लिहा. मैदानावरचा निकाल खेळाडूंच्या आकडेवारीसाठी, बहाल केलेला तक्त्यासाठी. दुसरा संशय हंगामाच्या मध्यात माघार घेतलेल्या संघावर. त्याचे निकाल काही वेळा रद्द होतात आणि काही वेळा उरलेले सामने बहाल होतात.

१९३९ ते १९४५, आणि सरकलेल्या सीमा

जर्मन ताब्यात पोलिश क्लब बंद झाले, पण सगळीकडे एकाच तऱ्हेने नाही. ग्रोजिस्क थेट राइखला, म्हणजे जर्मनीला, जोडलेल्या वार्टलँड प्रांतात गेलं. तिथे खेळ फक्त जर्मनांसाठी होता, आणि वर्तमानपत्रं जर्मन. पोझनानच्या ‘ओस्टडॉइचर बेओबाख्टर’मध्ये ‘ग्रेत्स’चा संघ दिसला तर तो दिस्कोबोलिया नव्हे, त्याच मैदानावर खेळला असला तरी नाही. मैदानाचा पाठलाग करा हा नियम इथे अपुरा पडतो, तिथे माणसं बघावी लागतात. क्राकूफ-वॉर्साकडच्या भागात चोरून सामने होत. त्यांची नोंद नंतरच्या आठवणींतच असते, म्हणून खात्रीची श्रेणी ३. वरच्या सायलेशियात अनेक पोलिश खेळाडूंची नावं जर्मन लोकांच्या सरकारी याद्यांत चढली. ती कोणत्या दबावाखाली चढली हे न सांगता कोणाला फितूर ठरवू नका.

शहरात ज्यू क्लब होता का ते जरूर बघा: मक्काबी, हकोआह, हस्मोनेआ ही नावं शोधा. मध्य आणि पूर्व पोलंडच्या शहरांत असे क्लब अ आणि ब वर्गात नियमित खेळत आणि युद्धात त्यांचे खेळाडूही मारले गेले, म्हणून त्यांची स्मरणिका कोणी काढली नाही. व्येल्कोपोल्स्कात, म्हणजे पोझनानच्या भागात, मात्र बहुतेक ज्यू कुटुंबं १९२० च्या सुमारास जर्मनीत निघून गेली होती. तिथल्या छोट्या शहरात मक्काबी न सापडणं स्वाभाविक आहे.

१९४५ मध्ये पोलंड पश्चिमेला सरकला. ल्वूफ आणि व्हिल्नो गेले, व्रोत्स्वाफ आणि श्चेचिन आले. ज्या शहरात १९४५ पूर्वी जर्मन राहत, तिथल्या आजच्या क्लबला जुन्या जर्मन क्लबचा वारसा चिकटवू नका. ग्लिवित्सेचा प्यास्त १९४५ मध्ये पूर्वेकडून हुसकलेल्या पोलिश लोकांनी काढला. त्याच शहराचा फोरवेर्ट्स-राझेनस्पोर्ट १९३६ मध्ये जर्मन अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत गेला होता. शहर एक, क्लब दोन, मधे रेघ. उलट बाजूने, ल्वूफच्या पोगोन्यने १९२२, १९२३, १९२५, १९२६ अशी चार अजिंक्यपदं जिंकली, पण आज ल्वूफ युक्रेनमध्ये आहे. अशा पूर्वेच्या शहरांतल्या क्लबच्या खुणा पोलंडच्या आत कमी आणि बाहेर जास्त. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत होती, आणि ती याच पूर्व भागातली. पूर्वेच्या एखाद्या शहराचा क्लब हाताशी असेल तर या कुटुंबांच्या छापील आठवणी आणि छायाचित्रंही चाळा.

पाट्यांची सात वर्षं

१९४९ पासून सरकारने क्लब कामगार संघटनांच्या क्रीडासंघांत कोंबले. नाव बघून खातं ओळखता येतं: ग्वार्द्या म्हणजे पोलीस, कोलेयाश रेल्वे, गुर्निक खाण, स्ताल धातुकाम, उन्या रसायन, व्वुक्न्याश कापड, बुदोव्लानी बांधकाम, स्पुय्न्या व्यापार, ओग्निव्हो नगरसेवा, खेड्यात एलझेतएस. विस्वा क्राकूफ ग्वार्द्या झाला, रूह होझूफ उन्या झाला, लेह पोझनान कोलेयाश. १९५१ मध्ये लीगच्या तक्त्यात ग्वार्द्या पहिला होता, पण अजिंक्यपद कप जिंकणाऱ्या उन्याला दिलं गेलं. लीगच्या तक्त्यावरून विजेत्यांची यादी करणारा इथे हमखास चुकतो. त्याच वर्षी राष्ट्रीय संघटनाही मोडून सरकारी समितीचा एक विभाग करण्यात आली. १९५६ च्या राजकीय सैलावानंतर संघटना परत आली आणि बहुतेक क्लबांनी जुनी नावं घेतली.

छोट्या शहरात तीन कामगार संघटना असतील तर या काळात तीन संघ दिसतात. त्यांतला तुमचा कोणता? १९४८ च्या आणि १९५० च्या संघातल्या अकरा नावांची तुलना करा. सहा-सात नावं जुळली आणि लीगमधली जागा तीच असली तर दुवा पक्का. दोन-तीनच जुळली तर विलीनीकरण झालं आहे. मग दुसऱ्या क्लबचीही यादी मिळवा.

नावाआधीच्या लघुरूपांतही सापळे आहेत. एमकेएस हे शहरी क्लबचं असू शकतं, अनेक कारखान्यांच्या मिळून काढलेल्या क्लबचं किंवा शाळांच्या क्लबचंही. जीकेएस म्हणजे कोळसापट्ट्यात खाण कामगारांचा क्लब आणि शेतीच्या भागात ग्मिना, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा. अर्थ घटनेतून घ्या, अंदाजाने नको.

कारखाना आला, कारखाना गेला

१९५६ ते १९८९ या काळात क्लबमागे एक ‘झाक्वाद ओप्येकुन्ची’, पालक कारखाना, असे. खेळाडू कागदावर तिथले कामगार, पगार तिथून, बस तिथली, मैदानाचे दिवेही तिथलेच. म्हणून या काळाचा इतिहास फुटबॉल संघटनेत कमी आणि कारखान्याच्या दप्तरात, कारखान्याच्या पत्रिकेत आणि तालुका क्रीडा समितीच्या कागदांत जास्त. अभिलेखागारात या समितीचे संच मागा. त्यांत सभासदसंख्या, अनुदान आणि शिक्षेचे ठराव असतात. जाण्यापूर्वी संकेतस्थळावरून दप्तराचा क्रमांक, ‘सिग्नातुरा’, काढून आगाऊ मागणी नोंदवा, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट न्या. वाचनकक्षात स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. फ्लॅश मात्र बंद. प्रत्येक पानाबरोबर सिग्नातुरा लिहिलेली चिठ्ठी फोटोत येऊ द्या.

१९८९ नंतर पालक कारखाने कोसळले आणि खासगी मालक आले. ग्रोजिस्कात मोटारीची आसनं बनवणारी ग्रोत्स्लिन कंपनी आली आणि क्लब ग्रोत्स्लिन दिस्कोबोलिया झाला. २००३ आणि २००५ मध्ये लीगचं उपविजेतेपद, २००५ आणि २००७ मध्ये पोलिश कप. २००३ च्या शरदात हेर्थाविरुद्ध बर्लिनला ०:० आणि घरी १:०. मँचेस्टरला सेबास्त्यान मिलाच्या फ्री किकवर १:१, घरी ०:०, आणि परक्या मैदानावरच्या गोलामुळे पुढे. मग बोर्दोने थांबवलं. २००८ मध्ये क्लब विकला गेला आणि लीगमधली त्याची जागा वॉर्साच्या पोलोनियाला मिळाली. जवळच्याच व्रोन्कीचा अमिका, शेगड्या-फ्रिजच्या कारखान्याचा क्लब, १९९८, १९९९ आणि २००० चा कप जिंकून २००६ मध्ये लेह पोझनानमध्ये विरला.

अशा ठिकाणी ‘क्लब २००८ मध्ये संपला’ असं लिहू नका आणि ‘पोलोनियाच्या नावाने चालू राहिला’ असंही नको. कंपनी, परवाना, संघ, मैदान, नाव यांतलं काय कुठे गेलं ते एकेका ओळीत सांगा. कंपनीचा माग २००१ पासूनच्या राष्ट्रीय न्यायालयीन नोंदवहीत, केएरएसमध्ये, ऑनलाइन लागतो. व्यवसाय न करणारे क्लब तालुक्याच्या प्रमुखाकडे, म्हणजे स्तारोस्ताकडे, वेगळ्या यादीत असतात. शहरातल्या मुलांनी त्याच मैदानावर खालच्या वर्गातून पुन्हा सुरुवात केली असेल तर त्यांचा निकालही तुमच्या तक्त्यात यायला हवा.

माणसं आणि फोटो

जुन्या खेळाडूला ‘कोणत्या साली?’ असं विचारलं तर चुकीचं साल मिळतं. ‘तेव्हा कपडे कुठे बदलायचात, बस कोणाची होती, लग्न झालं होतं का, कोणत्या पाळीत काम होतं?’ असं विचारा. साल तुम्हीच काढा. संबोधन नेहमी ‘पान’ किंवा ‘पानी’, पहिल्या नावाने हाक नाही. ध्वनिमुद्रणाची लेखी संमती आधी घ्या, आणि हयात माणसांचा पत्ता, आजार, पगार छापू नका.

फोटो दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूचा छायाचित्रकाराचा शिक्का आणि पेन्सिलची नावं बहुधा पुढच्या चित्राइतकीच कामाची असतात. ३२ तुकड्यांचा काळापांढरा चेंडू असेल तर फोटो साधारण १९७० नंतरचा. लेस बांधलेला चेंडू फार तर ‘जुना’ एवढंच सांगतो, कारण गरीब क्लब जुने चेंडू वर्षानुवर्षं वापरत. ‘येद्नोद्न्युव्हका’, म्हणजे वर्धापनदिनाची एकदाच निघालेली पुस्तिका, आणि ‘क्रोनिका’, म्हणजे हाताने सजवलेली क्लबची वही, शहराच्या वाचनालयात किंवा एखाद्या खजिनदाराच्या कपाटात मिळते. पोलिशमध्ये चार ओळींचं, एकाच प्रश्नाचं पत्र पाठवा. दहा प्रश्नांच्या पत्राला उत्तर येत नाही.

मराठीत लिहिताना

इंग्रजी उच्चारावरून नावं लिहू नका. मराठीकडे त्याहून चांगली सामग्री आहे. पोलिश सी म्हणजे आपल्या ‘चाका’तला च, सीझेड म्हणजे ‘चिमणी’तला च. डीझेड हा ‘जगा’तला ज, आणि पुढे आय आला की ‘जिभे’तला, ग्रोजिस्कमधला ज तो. टी आणि डी दंत्य आहेत, म्हणून ट-ड नव्हे, त-द. जे म्हणजे य. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं ओ म्हणजे उ, आडव्या रेघेचं एल म्हणजे व, आणि शब्दाच्या शेवटी डब्ल्यू आला तर फ: क्राकूफ, ल्वूफ, व्रोत्स्वाफ. सीएच म्हणजे घशातला ह. इथे एक पंचाईत होते. पोझनानच्या क्लबला ‘लेह’ लिहिलं की वाचक लडाखला पोचतो आणि ‘लेख’ लिहिलं की निबंधाकडे; म्हणून शहराचं नाव नेहमी जोडून लिहा. वॉर्सा, पोलंड ही रुळलेली नावं बदलू नका. नावांची यादी पहिल्याच दिवशी करा आणि शेवटपर्यंत एकच रूप ठेवा.

छापण्याआधी तक्ता आणि स्कॅन केलेले फोटो यांची एक प्रत शहराच्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रादेशिक विभागाला पाठवा, फाईलींची नावं पोलिश ठेवून. मजकूर मराठी असला तरी तारखा, निकाल आणि अकरा नावं तिथल्या माणसांना वाचता येतात, आणि चुकलेलं नाव कळवणारं पहिलं पत्र बहुधा तिथूनच येतं.